लेफ्ट बॅक रामटेके

आमच्या ताईच्या लग्नात नरेश रामटेकेने पंगतीत बसण्याआधी मला बाजूला घेतलं आणि गंभीरपणे विचारलं, "आपला गोल कोणता बे?"

"कसला गोल? जेवायला बस."

"गोल माहीत नाही तं मी बसू कुठं?"

मग त्याने मांडवभर नजर फिरवली आणि स्वतःच ठरवून टाकलं की स्वयंपाकघर हा आपला गोल. स्वयंपाकघराकडे पाठ करून तो उभा राहिला, डावा हात लांब केला, आणि हात ज्या टोकाकडे गेला त्या टोकाच्या पाटाकडे निघाला. तिथे आमच्या नागपूरच्या मावशीचे यजमान आधीच मांडी घालून बसले होते. "काकाजी, ही माझी जागा होय," नरेशने त्यांना फार नम्रपणे सांगितलं. मुलाकडच्यांची काही रीत असेल असं समजून ते बिचारे उठले. पुढे जेवणभर हा पठ्ठ्या समोरून स्वयंपाकघराकडे परतणाऱ्या वाढप्यांवर नजर ठेवून होता.

नरेश आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा लेफ्ट बॅक. ज्यांना ह्या खेळातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आपल्या गोलच्या थोडं पुढे, डाव्या अंगाला, चुन्याच्या रेघेजवळ उभं राहायचं आणि समोरून येणाऱ्याला अडवायचं, एवढंच लेफ्ट बॅकचं काम. मी राइट बॅक होतो. माझंही काम तेच, फक्त दुसऱ्या टोकाला. पण संध्याकाळी बूट काढले की माझ्यातला राइट बॅक संपायचा आणि भूक लागलेला देशकर तेवढा उरायचा. नरेश मात्र ती जागा अंगावर घेऊनच घरी जायचा.

रायपूरच्या सदर बाजारात आम्ही दोघे निघालो की तो माझ्या डाव्या बाजूला, नालीच्या कडेने, आणि दोन पावलं मागे. त्याच्याशी बोलायचं तर मला मान मागे वळवावी लागे, आणि तेवढ्यात एखादा स्कूटरवाला माझ्या पायावर चाक घाली. "तू बाजूनं काहून नाही चालत?" मी कितीदा ओरडलो असेन. त्यावर त्याचं ठरलेलं उत्तर, "तू चाल ना पुढं. मी आहो ना मांगं." हे वाक्य तो कुठेही वापरायचा. परीक्षेच्या हॉलमध्ये शिरताना, सिनेमाच्या तिकिटासाठी गर्दीत घुसताना, एकदा तर माझ्या काकांना ऑपरेशनला आत नेत असताना त्याने त्यांनाही हेच सांगितलं. काकांना नंतर भुलीतसुद्धा कोणी तरी मागे उभं असल्याचं वाटत होतं म्हणे.

ताईच्या लग्नाची भांडी घ्यायला त्याला गोल बाजारात नेलं ती माझी चूक. मी दुकानदाराशी पितळी घागरीवरून घासाघीस करतोय आणि हा माझ्या मागे डावीकडे उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्याला निरखतोय. दुकानदार थोडा वेळ बघत राहिला. मग हळूच मला म्हणाला, "भैया, ये आपके साथ हैं, कि आपका पीछा कर रहे हैं?" मी खूप समजावलं, पण त्याने गल्ल्यावरचा हात काही काढला नाही.

अभ्यासातही त्याची तीच पद्धत. पेपर काढणारा म्हणजे समोरची टीम, प्रश्न म्हणजे त्यांचे हल्ले. आपण फक्त अडवायचे. काठावर पास झाला की म्हणायचा, "ड्रॉ झाला. गोल नाही खाल्ला ना?"

मैदानाची मधली रेघ तो ओलांडत नसे. एकदाच ओलांडली. समोर सगळं मैदान मोकळं होतं, बॉल पायात होता, हा पळत पळत थेट त्यांच्या गोलजवळ पोचला. आम्ही सगळे ओरडतोय, मार, मार. आणि हा मधेच थबकला. घरी गॅस चालू राहिल्याचं एखाद्या बाईला बाजारात आठवावं तसा त्याचा चेहरा झाला. बॉल तिथेच सोडून तो उलट पावली धावत आपल्या जागी येऊन उभा राहिला. समोरचा गोलकीपर बराच वेळ त्या बॉलकडे बघत होता. त्याला त्यात काही डाव असावा असं वाटलं.

आमचे दुबेसर त्या दिवशी इतके हसले की तोंडातली शिटी पडली. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रामटेके, तू वहीं ठीक है बेटा."

दुबेसर म्हणजे कॉलेजचे क्रीडा अधिकारी आणि आमचे कोच. पोट सुटलेलं, डोक्याला रुमाल, आणि एक जुनी स्कूटर, जी सुरू करायला दोन खेळाडू लागत. ह्या स्कूटरवर सरांच्या मागे बसून त्यांचा माणूस यायचा, बबनभाऊ. तिशीचा, अंगाने दांडगा, पण समज लहान मुलाएवढी. बॉलची जाळी आणि लिंबू-साखरेच्या पाण्याची बादली त्याच्या ताब्यात असे. त्याचं काम तो इतक्या निष्ठेने करायचा की सरांची शिटी वाजल्याशिवाय प्रिन्सिपलसाहेबांनासुद्धा त्याने घोटभर पाणी दिलं नसतं. आम्ही त्याला वचकून असायचो. सरांच्या घरचा माणूस, उगाच जाऊन काही सांगेल ही भीती. दौऱ्यावर जायचं झालं तरी बबनभाऊ सरांच्या शेजारच्या सीटवर, बादली मांडीवर घेऊन.

त्यात आणखी एक विचित्र प्रकार होता. मॅचमध्ये हाफटाइमला दोन्ही टीम बाजू बदलतात, पण सामान कोणी हलवत नाही. आमचं मात्र हलायचं. जाळी, बॅगा, बादली, सगळं उचलून बबनभाऊ मैदानाच्या पलीकडच्या रेघेला नेऊन मांडायचा आणि सर स्वतः बादलीला हात लावायचे. ह्यावर आमच्यात पुष्कळ चर्चा झाली. कोणी म्हणे सरांना शनी आहे, कोणी म्हणे वास्तुशास्त्र. आमच्या सेंटर फॉरवर्डने तर घरी पाण्याचा माठ महिनाभर इकडून तिकडे हलवून पाहिला. तो त्या वर्षी नापास झाला.

मग मध्य प्रदेशातून तुटून आमचं वेगळं राज्य झालं.

रायपूर राजधानी झालं आणि शहराला एकदम घाई सुटली. आमच्या बुढापारा वस्तीत शेजारच्या ज्या घरात मी लहानपणी कुंपणावरून गेलेला बॉल मागायला जायचो, तिथे कुठल्याशा संचालनालयाची पाटी लागली. लाल दिव्याची गाडी गल्लीत शिरायची आणि मग तिला बाहेर काढायला अर्धा पारा, म्हणजे अर्धी आळी, रस्त्यावर. रोज नवी खाती, नव्या पोस्ट. ज्याला त्याला बढती. आमच्या बाबांच्या ऑफिसातला चहावालासुद्धा, आता आपण मंत्रालयाला चहा देतो, असं सांगायला लागला.

वाटणीही झाली. फायली, खुर्च्या, गाड्या वाटल्या गेल्या, तशी माणसंही. कोण इथे राहणार आणि कोण मध्य प्रदेशात जाणार ते ठरलं, आणि दुबेसर सागरला गेले. निरोपाला हार, समोसे आणि प्रिन्सिपलसाहेबांचं भाषण झालं. शेवटी ग्रुप फोटो. नरेश डाव्या टोकाला उभा राहिला, आणि फोटो निघून गेला तरी तिथेच उभा होता. मी त्याला समोसा आणून दिला. त्याने तो खाल्ला नाही. रुमालात बांधून खिशात ठेवला.

सर गेले, पण सरांचा माणूस काही गेला नाही. दुसऱ्या दिवशी बबनभाऊ पायी पायी मैदानावर हजर, जाळी खांद्यावर. आम्हाला दुबेसरांचा राग आला. इतकी वर्षं घरात राबवून घेतलं आणि जाताना ह्या भोळ्या माणसाला इथेच टाकून गेले. आमचा गोलकीपर तर सरांना फार वाईट बोलला. नरेश बूट बांधत होता. त्याने मान वर केली नाही.

नवे कोच मॅथ्यूसर भिलाईहून आले. तरुण, सडसडीत, वेळेचे पक्के, कोचिंगचा डिप्लोमा केलेले. येताना मैदानावर एक फळा घेऊन आले. फळ्यावर त्यांनी आकडे लिहिले, तीन, पाँच, दो. "पीछे अब चार नहीं, तीन खेलेंगे. बीच में पाँच, आगे दो. लेफ्ट बैक, राइट बैक, ये सब भूल जाओ."

अख्ख्या राज्यात रोज नव्या पोस्ट निघत होत्या आणि बंद झाल्या त्या दोनच, एक माझी आणि एक नरेशची.

मला काही दुःख झालं नाही, खरं सांगतो. माझी आई कधीपासून बँकेच्या परीक्षेसाठी माझ्या मागे लागली होती. नरेशने मात्र हात वर केला.

"सर, तो फिर मैं कौन हुआ?"

मैदानात हसू फुटलं. मॅथ्यूसर हसले नाहीत. "प्लेयर हो. दम है तुम्हारे में, देखा मैंने. लेफ्ट साइड पूरी तुम्हारी, नीचे से ऊपर तक. जाना भी पड़ेगा, आना भी पड़ेगा. बिलासपुर की टीम चुनने तक टाइम देता हूँ. नहीं जमा तो छुट्टी."

बिलासपूरला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. आमचं शेवटचं वर्ष. ह्या टीममध्ये जागा मिळाली नाही तर नरेशचं फुटबॉल तिथेच संपणार होतं, आणि फुटबॉल वजा केलं तर त्याच्यात काय उरेल हे मला तरी माहीत नव्हतं.

त्याच दिवशी मॅथ्यूसरांनी बबनभाऊकडे बोट दाखवून विचारलं, "ये कौन है?" आम्ही म्हटलं, दुबेसर का आदमी. "दुबेसर तो गये ना? मैदान में बाहर का आदमी नहीं चाहिए. सामान प्लेयर लोग उठायेंगे." त्यांचंही काही चुकत नव्हतं. बबनभाऊला फाटकाबाहेर बसवण्यात आलं.

तेव्हापासून नरेशचा खेळ पार बिघडला. पुढे जायचं म्हटलं की दहा पावलं जायचा आणि मान वळवून फाटकाकडे बघायचा. बॉल एकीकडे, हा एकीकडे. मॅथ्यूसर ओरडायचे, "रामटेके, ध्यान किधर है तुम्हारा?" मला वाटायचं, गेलेल्या जागेचा शोक करतोय. रोज परतताना मी त्याला लेक्चर द्यायचो. त्याच वाटेने बबनभाऊ आमच्या पुढे चालत असायचा, पण तिकडे मी कधी लक्ष दिलं नाही. जग बदललं, राज्य बदललं, तूही बदल. तो दोन पावलं मागून चालत सगळं ऐकायचा आणि शेवटी म्हणायचा, "हव."

टीम निवडायच्या दिवशी प्रॅक्टिस मॅच होती. मला गंमत म्हणून नरेशच्या मागे, तिघांतला एक म्हणून उभं केलं होतं. पहिला अर्धा तास त्याने वाया घालवला. शेवटी माझं डोकं फिरलं. बॉल त्याच्या पायात आला तेव्हा मी मागून ओरडलो, "जा बे नऱ्या! मी आहो ना मांगं!"

त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य त्याला आजवर कोणी म्हटलं नसावं. मग तो गेला. त्या माणसाला असं पळता येतं हे आम्हाला तीन वर्षांत कळलं नव्हतं. शेवटच्या रेघेपर्यंत जाऊन त्याने बॉल असा मधे टाकला की आमच्या फॉरवर्डला फक्त डोकं लावायचं काम उरलं. मॅथ्यूसरांनी तिथेच शिटी मारून मॅच थांबवली आणि नावं सांगितली. नरेशचं नाव होतं. माझं नव्हतं.

मी त्याला मिठी मारायला गेलो, तर तो मॅथ्यूसरांपुढे उभा राहून हळू आवाजात सांगत होता, "सर, मेरे से नहीं होगा. मैं नहीं जा पाऊँगा."

सरांनी दोनदा विचारलं, क्यों. तो सायकल घेऊन फाटकाकडे निघाला. "कल सुबह तक सोच लो," सर त्याच्या पाठीला म्हणाले.

बूट बदलून होताच मी रागाने लाल होऊन त्याच्या मागोमाग रेल्वे क्वार्टरवर गेलो. तीन वर्षांत पहिल्यांदाच. त्याचे वडील गँगमन, लाइनवर गेलेले. आईचे गुडघे गेलेले, ती खाटेवर बसून लसूण सोलत होती. आणि खाली, भिंतीला टेकून, ताट मांडीवर घेऊन बबनभाऊ वरणभात खात होता.

मी विचारलं, "हा इथं काय करून राहिला?"

नरेशच्या आईने माझ्याकडे नवलाने पाहिलं. "मोठा होय ना माह्या. नरेशचा भाऊ."

मी बबनभाऊच्या शेजारी भिंतीला टेकून बसलो.

नरेश बराच वेळ बादलीतून तांब्या काढ आणि टाक, असं करत राहिला. मग सांगू लागला. फर्स्ट इयरला तो टीममध्ये आला आणि आठ दिवसांत यायचा बंद झाला, कारण संध्याकाळी भाऊ घरातून निघून जायचा, रेल्वेच्या पटऱ्यांकडे जायचा, आणि आईला त्याच्या मागे धावता येत नव्हतं. दुबेसर विचारत विचारत क्वार्टरवर आले. त्यांनी भाऊला पाहिलं. "चहा पेले अन् गेले. दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन आले अन् भाऊले म्हणे, चल भाई, मेरे को पानी सम्हालने वाला एक आदमी चाहिए."

"अन् आम्हाले काहून नाही सांगितलं?"

"सरच म्हणे. तेरा भाई है बोलेंगे तो लड़के चिढ़ायेंगे. मेरा आदमी है बोलेंगे तो डरेंगे." तो थोडा हसला. "डरत होते ना तुम्ही?"

भाऊ डोळ्यांआड झाला की नरेशला सुचत नसे, आणि नरेश दूर गेला की भाऊ उठून त्याच्या मागे मैदानात शिरायचा. म्हणून सरांनी नरेशला रेघेच्या कडेची जागा दिली आणि भाऊला रेघेबाहेरची. बाजू बदलल्या की बादलीही त्यासाठीच पलीकडे जायची. आम्ही शनी काढत बसलो.

"मॅथ्यूसरले सांग ना सगळं."

"सांगून काय होईन? दया करन नाही तं नाही म्हणन. मले दोन्ही नोको." त्याने तांब्या ठेवला. "चार दिवस बिलासपूर. मी गेलो तं घरी कोन राहीन?"

"मी राहीन," मी म्हटलं. हे फार विचार करून म्हटलं असं नाही. टीममधून मी वगळलेला, बँकेच्या परीक्षेला अवकाश. आणि त्याच्या आईने तोवर माझ्यापुढेही वरणभाताचं ताट ठेवलं होतं.

निघण्याआधी नरेशने मला शिकवलं. भाऊचा हात धरायचा नाही, त्याला राग येतो. त्याला पुढे चालू द्यायचं. पटऱ्या डावीकडे आहेत, म्हणून आपण डावीकडे. "अन् सर कवा येते म्हणून विचारन. मिटिंगमंदी हाय म्हणजो. मी तेच सांगून राहिलो रोज."

टीम गेली. संध्याकाळ झाली की बबनभाऊ रिकामी जाळी खांद्यावर टाकायचा आणि मी त्याच्या मागून निघायचो. मैदान रिकामं. तो रेघेजवळ बॅग मांडायचा, बादली भरायचा, लिंबू पिळायचा आणि बसायचा. मीही बसायचो. दोन पावलं मागे राहून चालणं किती दमवतं हे मला त्या दिवसांत कळलं. पायापेक्षा डोळे दुखतात. भाऊ थोड्या थोड्या वेळाने फाटकाकडे बघायचा आणि विचारायचा, "सर कवा येते?" मी म्हणायचो, मिटिंगमध्ये आहेत. त्याचं समाधान व्हायचं. मीही फाटकाकडे बघायला लागलो होतो.

टीम दुसऱ्याच मॅचमध्ये हरली आणि सगळे दोन दिवस आधी परत आले. नरेश स्टेशनवरून घरी न जाता बॅग घेऊन थेट मैदानावर आला.

"हरले?" मी विचारलं.

"हव. पन मी दोन्ही मॅच खेळलो. सर म्हणे, यहाँ जितने दिन हो, लेफ्ट साइड तुम्हारी." मग त्याने विचारलं, "भाऊनं तरास तं नाही देला?"

"नाही." पुढचं सांगावं की नाही मला कळेना, पण लपवणंही बरं वाटेना. "तुझं नाव त्यानं एकदाही नाही काढलं बे. सरलेच विचारत होता."

मला वाटलं होतं, त्याला लागेल. त्याने बादलीतलं लिंबूपाणी घेतलं, सावकाश प्यायलं, भाऊच्या पाठीवर हात ठेवला.

"बरोबर आहे ना," तो म्हणाला. "सर गेले, म्हणून त्यायची वाट पाह्यते. मी तं रोजचा आहो. रोजच्या माणसाची वाट कोन पाह्यते?"

हे त्याने मॅचचा स्कोअर सांगावा तसं सांगितलं. मग दोघे निघाले. भाऊ पुढे, जाळी खांद्यावर, आणि हा मागे, डावीकडे.

मी ते दोन दिवस नरेशचीच वाट पाहिली होती. त्याला ते सांगायला पाहिजे होतं. पण आमच्यात असलं काही बोलायची सवय नव्हती, आणि तोवर ते दोघे फाटकापाशी पोचले होते.